मर लागलेल्या तासातली हिरवी तूर

पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तुरीचं तास (ओळ) घेण्याची पद्धत विदर्भात जुनी. नेमक्या शेंगा भरायच्या वेळी त्या तासातली झाडं एकेक करून माना टाकतात. जमिनीत ओल असते, तरी झाड वाळतं. हाच मर रोग. खोड उभं चिरलं की आत काळपट रेघा दिसतात. फ्युजेरियम उडम ही बुरशी मुळातून शिरून पाणी वर नेणाऱ्या नळ्या तुंबवते. ती खोडाच्या आत आणि मातीत असते, जुन्या धसकटांवर वर्षानुवर्षं तग धरते. त्यामुळे वरून फवारून काही साधत नाही.

खरं संरक्षण बियाण्यातच हवं. रोगप्रतिकारक झाडातही बुरशी शिरू पाहते, पण तिची चाहूल लागताच ते पेशीभिंती जाड करतं, बुरशीला मारक द्रव्यं तयार करतं. बळी पडणारं झाडही धडपडतं, फक्त उशिरा. हा वेगाचा फरक जनुकांतून येतो.

अशी झाडं शोधायची पद्धत मला फार मोलाची वाटते. हैदराबादजवळ पटांचेरूच्या इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेत मुद्दाम रोगट शेत तयार केलं गेलं. मर लागलेल्या झाडांचे अवशेष मातीत मिसळायचे, त्यातच शेकडो वाण पेरायचे आणि जी हिरवी उरतील त्यांचंच बी पुढे न्यायचं. १९८६ साली आलेला ‘मारुती’ वाण मरीला दाद देत नव्हता, पण कोळी ही बारीक कीड पसरवते त्या विषाणूजन्य वांझ रोगापुढे तो हरला. त्या रोगात झाड हिरवंच राहतं, पण फुलतच नाही. दोन्ही रोगांना तोंड देणारी ‘आशा’ १९९३ मध्ये आली. तुरीच्या जनुकसंचाचं पहिलं वाचन २०११ मध्ये झालं तेही याच वाणाचं. त्यात ४८,६८० जनुकं असल्याचा अंदाज निघाला.

एकाच जनुकावर विसंबणं मात्र धोक्याचं. बटाट्यात मेक्सिकोतल्या जंगली जातीची करपारोधक जनुकं आणली, तर रोगकारकानं स्वतःत बदल करून ती निष्प्रभ केली. तुरीच्या मरीचेही स्थानिक प्रकार आहेत, म्हणून एका भागात टिकलेला वाण दुसरीकडे पडू शकतो.

घरचं बी ठेवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. तुरीच्या फुलांवर मधमाश्या येतात आणि शेजारच्या वाणाचे परागकण आणतात. दरवर्षी थोडी भेसळ होत प्रतिकारशक्ती विरळ होते. म्हणून बियाण्याची झाडं दुसऱ्या तुरीपासून लांबच्या तुकड्यात ठेवावीत, आणि दोन-तीन वर्षांनी प्रमाणित बियाणं नव्यानं आणावं.