पेजिनेशनमधला ‘कर्सर’: एका शब्दाची पार्श्वभूमी

मोठी यादी तुकड्यातुकड्यांनी दाखवण्याची, म्हणजे पेजिनेशनची, गरज वेबच्या आधीची आहे; 24 ओळींच्या टर्मिनलवरही कळ दाबूनच पुढच्या नोंदी बघाव्या लागत. वेब ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये सुरुवातीला सगळ्या ओळी ॲरेमध्ये (मेमरीतल्या यादीत) भरून ‘ॲरे_स्लाइस’ने हव्या त्या 20 कापून घेण्याची पद्धत सर्रास दिसे. पीएचपी या वेब प्रोग्रामिंग भाषेच्या 5.2 आवृत्तीआधी एका स्क्रिप्टला मुळात 8 एमबी मेमरी मिळत असल्यामुळे यादी वाढली की ती तेवढ्यात मावेनाशी होई. मावली तरी पुढच्या पानासाठी तीच ॲरे पहिल्यापासून भरावी लागे, कारण दोन विनंत्यांच्या मध्ये ती शिल्लक राहत नाही.

त्यामुळे कापण्याचे काम डेटाबेसकडे गेले. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसक्यूएलमध्ये त्यासाठी लिमिट-ऑफसेट (किती ओळी द्यायच्या आणि आधीच्या किती वगळायच्या) होते. ओरॅकलमध्ये ‘रोनम’ (ओळीचा क्रमांक) वापरून क्वेरीच्या आत क्वेरी लिहावी लागे आणि ऑफसेट-फेच ही सरळ रचना तिथे 12सी आवृत्तीत आली. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती 2012 च्या आवृत्तीपासून मिळाली. ‘एकूण इतकी पाने’ हा आकडा तेव्हा जवळजवळ फुकट मिळे, कारण मायएसक्यूएलच्या मायआयसॅम या साठवण-इंजिनातले टेबल आपल्या ओळींची संख्या स्वतःच जपून ठेवी. मायएसक्यूएल 5.5 पासून इनोडीबी हे दुसरे इंजिन मुळातलेच झाले आणि तीच संख्या दर वेळी मोजावी लागू लागली.

ऑफसेटचे दुखणे दोन प्रकारचे आहे. ‘लिमिट 20 ऑफसेट 100000’ लिहिले की डेटाबेस 1,00,020 ओळी ओलांडतो आणि त्यांतल्या पहिल्या 1 लाख टाकून देतो. दुसरे दुखणे अधिक गंभीर आहे, कारण ते दिसत नाही. वाचक पहिल्या पानावर असताना वर एक नवी नोंद आली, तर विसावी ओळ दुसऱ्या पानाच्या डोक्यावर पुन्हा येते. एखादी नोंद पुसली गेली, तर एक ओळ वाचकाला न दिसताच निसटते.

यावरचा उपाय म्हणून जे आले त्याला ‘कर्सर’ म्हटले गेले, आणि माझ्या मते बराचसा गोंधळ या नावातून झाला. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत कर्सर हा शब्द फार आधीपासून आहे. तिथे तो सर्व्हरने उघडून धरलेला निकाल असतो, त्यातून ‘फेच’ने ओळी काढायच्या आणि शेवटी तो बंद करायचा. असा कर्सर एका जोडणीला बांधलेला असल्याने, आधीची विनंती लक्षात न ठेवणाऱ्या एचटीटीपी या वेबच्या प्रोटोकॉलवर पानापानांत तो जिवंत ठेवणे परवडणारे नव्हते. एपीआयमधला (प्रोग्रामने प्रोग्रामकडे माहिती मागण्याच्या सोयीतला) कर्सर मात्र नुसती खूण आहे: शेवटच्या ओळीची वेळ आणि आयडी, बहुधा बेस64 या अक्षरांच्या सांकेतिक रूपात गुंडाळलेली. पुढच्या पानासाठी त्या खुणेनंतरच्या ओळी मागायच्या. सर्व्हर काहीही धरून ठेवत नाही. 2015 मध्ये ग्राफक्यूएल या एपीआयच्या क्वेरी-भाषेसोबत ‘फर्स्ट’ (किती ओळी) आणि ‘आफ्टर’ (कोणत्या खुणेनंतर) ही जोडी रूढ होऊ लागली, तसा हा दुसरा अर्थ पक्का झाला आणि पहिला अर्थ ठाऊक असलेल्यांनाही ही खूण म्हणजे गोठवलेला निकालच वाटू लागला.

खरा आधार खुणेपेक्षा क्रमाचा आहे. केवळ वेळेवर क्रम लावला आणि एकाच सेकंदाला तीन नोंदी झाल्या, तर त्यांच्यामध्ये पान तुटते आणि उरलेल्या नोंदी हरवतात. म्हणून (वेळ, आयडी) ही जोडी एकत्र तोलावी लागते आणि त्याच क्रमाचा इंडेक्स (डेटाबेसची शोधसूची) असावा लागतो. हे पाळले नाही तर खूण कितीही सुबक गुंडाळली तरी उपयोग नाही. याच्या बदल्यात थेट सत्तेचाळिसाव्या पानावर उडी मारण्याची सोय जाते. काही हजार ओळींच्या कार्यालयीन यादीसाठी ती सोय सोडण्याची घाई अनेक ठिकाणी विनाकारण झाली, असे मला वाटते. तिथे ऑफसेट आजही पुरतो.

इलॅस्टिकसर्च या शोध-इंजिनमध्ये कर्सरचे हे दोन्ही अर्थ वेगवेगळ्या नावांनी सापडतात. नेहमीची पाने मुळातल्या मर्यादेप्रमाणे 10,000 निकालांपर्यंतच जातात. त्यापुढे ‘स्क्रोल’ सर्व्हरवर निकालाची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवतो, तर 5.0 आवृत्तीत आलेला ‘सर्च आफ्टर’ फक्त शेवटच्या ओळीची क्रममूल्ये मागतो.