सिडनी पॉयटिए

पॉयटिए, सिडनी : (२० फेब्रुवारी १९२७ – ६ जानेवारी २०२२). अमेरिकन चित्रपट अभिनेते आणि दिग्दर्शक. पुढे बहामाचे राजदूत. प्रमुख भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा ऑस्कर मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय कलाकार म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र त्यांना समजून घ्यायचे तर त्यांनी काय साकारले याइतकेच त्यांनी काय करायला नकार दिला, हेही पाहावे लागते. १९५० ते १९६७ या काळात हॉलिवूडच्या मोठ्या पडद्यावर कृष्णवर्णीय नायक म्हणावा असा जवळजवळ तेच एकटे होते. त्या एकटेपणाचा भार त्यांच्या प्रत्येक भूमिकेत जाणवतो.

त्यांचे आईवडील, एव्हलिन आणि रेजिनल्ड, हे बहामातील कॅट आयलंडवर टोमॅटो पिकवणारे शेतकरी. माल विकायला दोघे फ्लोरिडातल्या मायामीला गेले असताना एव्हलिन दोन महिने आधीच बाळंत झाली. मूल जगेल असे कोणाला वाटेना. बापाने पुरायची तयारी म्हणून बुटांच्या खोक्याएवढी पेटीही आणून ठेवली. आई मात्र उठून एका भविष्य सांगणाऱ्या बाईकडे गेली. हा पोरगा वाचेल आणि राजेरजवाड्यांच्या पंगतीला बसेल, असे त्या बाईने सांगितल्याचे पॉयटिए यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. सात भावंडांतले हे शेंडेफळ वाचले. मायामीत जन्मल्यामुळे अमेरिकेचे नागरिकत्वही आपोआप मिळाले, आणि पुढची सारी कथा त्या योगायोगावर उभी राहिली.

कॅट आयलंडवर वीज नव्हती, नळ नव्हते, मोटारी नव्हत्या. बेटावरची बहुतेक माणसे काळीच होती, त्यामुळे आपण कोणापेक्षा कमी आहोत ही भावना या मुलाच्या वाट्याला लहानपणी आलीच नाही. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत वाढलेल्या त्याच्या वयाच्या मुलांना मान खाली घालायची सवय घरातूनच, जीव वाचवण्यासाठी, लावली जात असे. सिडनीला ती लागली नाही. फ्लोरिडाने बहामाच्या टोमॅटोंची आयात बंद केल्यावर घरची शेती बसली आणि सिडनी दहाएक वर्षांचा असताना कुटुंब राजधानी नॅसॉला आले. तिथे त्याने पहिली मोटार पाहिली, पहिला सिनेमाही पाहिला. तो गुराख्यांचा, घोड्यांचा सिनेमा होता. खेळ संपल्यावर गुरे आणि घोडे बाहेर पडताना दिसतील म्हणून तो थिएटरच्या मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला होता.

पंधराव्या वर्षी त्याला मायामीला थोरल्या भावाकडे पाठवण्यात आले. सामान पोचवायच्या नोकरीत एका गोऱ्या बाईच्या घरी तो पुढच्या दाराने गेला. तिने मागच्या दाराने यायला सांगितले. त्याला कारण कळेना, तेव्हा पुडके पायरीवर ठेवून तो निघून आला. दोनच दिवसांनी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक गुप्त संघटनेची माणसे त्याला शोधत भावाच्या घरी पोचली. मायामी सोडून तो न्यूयॉर्कला आला तेव्हा सोळा वर्षांचा होता. हॉटेलांत भांडी विसळायची, बस स्थानकावरच्या पैसे टाकून उघडणाऱ्या शौचालयात झोपायचे, असे दिवस काढले. थंडी सोसेना म्हणून वय खोटे सांगून सैन्यात शिरला. तिथे एका लष्करी मनोरुग्णालयात काम मिळाले, आणि वर्षभराने तेही सोडले.

अभिनयाकडे तो वळला तो वर्तमानपत्रातल्या एका जाहिरातीमुळे. भांडी धुणारा हवा आहे का, हे शोधता शोधता शेजारच्या रकान्यात ‘नट हवेत’ असे वाचले. हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीतल्या अमेरिकन नीग्रो थिएटरमध्ये त्याने चाचणी दिली. बहामी हेल जबरदस्त आणि वाचन जेमतेम; संहितेतला एकेक शब्द लावत तो अडखळत राहिला. संस्थेचे फ्रेडरिक ओनील यांनी त्याला अक्षरशः दाराबाहेर काढले आणि लोकांचा वेळ फुकट घालवण्यापेक्षा जाऊन भांडी घास, असे सुनावले. आपण भांडी घासतो हे या माणसाला कळले कसे? रस्त्याने चालताना हा प्रश्न त्याला पोखरत राहिला. आपल्याकडे पाहून लोकांना एवढेच सुचत असेल तर ते बदललेच पाहिजे, असे ठरवून त्याने एक स्वस्त रेडिओ घेतला आणि निवेदकांचे बोलणे शब्दाला शब्द लावून म्हणत राहिला. ज्या हॉटेलात तो काम करीत होता तिथल्या एका वयस्क ज्यू वेटरने रात्री गिऱ्हाइके पांगल्यावर त्याला वर्तमानपत्र वाचायला शिकवले. अडलेल्या शब्दाचा अर्थ, उच्चार, स्वल्पविराम कशासाठी असतो इथपर्यंत. नाव झाल्यावर पॉयटिए यांनी त्या वेटरचा शोध घेतला, पण तो सापडला नाही. म्हातारपणीच्या मुलाखतींतही ही हकिकत सांगताना त्यांचे डोळे भरून येत.

सुमारे सहा महिन्यांनी तो पुन्हा त्याच नाट्यसंस्थेच्या दारात उभा राहिला. तिथे झाडलोट करायची आणि मोबदल्यात शिकायचे, असे ठरले. एका नाटकात हॅरी बेलाफॉन्टे यांची भूमिका होती आणि पॉयटिए त्यांचे बदली नट होते. एका संध्याकाळी बेलाफॉन्टे येऊ शकले नाहीत. पॉयटिए उभे राहिले आणि त्या प्रयोगाला बसलेल्या दिग्दर्शकाने त्यांना ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, काम दिले. दोघांचे वय जवळजवळ सारखेच, दोघेही कॅरिबियन मुळाचे. त्यांची मैत्री, अधूनमधूनच्या भांडणांसह, आयुष्यभर टिकली.

‘नो वे आउट’ (१९५०) या जोसेफ मँकिएविझ यांच्या चित्रपटात पॉयटिए डॉक्टर झाले. त्या काळी हॉलिवूडमध्ये काळ्या नटाला बहुधा नोकर, दरवान किंवा विनोदी घाबरट अशीच कामे मिळत. इथे पांढऱ्या कोटातला एक शांत तरुण एका वंशद्वेष्ट्या गुंडावर उपचार करतो आणि त्याच्या शिव्या ऐकून घेतो. हा चित्रपट बहामाच्या वसाहती सरकारला इतका झोंबला की तिथे त्यावर बंदी आली. त्या बंदीविरुद्ध नागरिकांची समिती उभी राहिली आणि बेटांवरच्या राजकीय जागृतीत तिचाही वाटा आहे. पुढचा महत्त्वाचा चित्रपट दक्षिण आफ्रिकेत चित्रित झाला. वर्णभेदाच्या कायद्यांमुळे पॉयटिए आणि कॅनडा ली या दोघा अमेरिकन नटांना दिग्दर्शक झोल्टन कोर्डा यांचे करारबद्ध मजूर म्हणून नोंद करून त्या देशात शिरावे लागले. त्याच देशाच्या नेल्सन मंडेलांची भूमिका पॉयटिए यांनी १९९७ मध्ये दूरचित्रवाणीवर केली.

इथे त्यांच्या नकाराची गोष्ट सांगितली पाहिजे. १९५० च्या दशकात, दुसरे अपत्य होऊ घातले होते आणि हातात काम नव्हते, तेव्हा मार्टिन बॉम या एजंटने त्यांच्याकडे एक भूमिका आणली. एका खुनाची माहिती असलेला दरवान. तो बोलू नये म्हणून गुंड त्याच्या मुलीचा जीव घेतात आणि तो गप्प राहतो. पॉयटिए यांनी ती नाकारली. बाळंतपणाच्या बिलासाठी घरचे सामान तारण ठेवून ७५ डॉलर उभे केले, पण भूमिका घेतली नाही. भूमिकेत वंशाची निंदा नव्हती, त्यामुळे कारण बॉमला समजेना. पुढे पॉयटिए यांनी सांगितले की, आपला बाप रेजिनल्ड असा गप्प बसला नसता. ज्याला बाप म्हणून मान द्यावा असा तो दरवान नव्हता. इतका वेडा माणूस आपल्याकडेच असला पाहिजे, असे म्हणून बॉमने त्यांचे काम पाहायला घेतले.

‘ब्लॅकबोर्ड जंगल’च्या (१९५५) वेळी दुसरा नकार आला. कम्युनिस्टविरोधी लाटेचे ते दिवस होते. डाव्या विचारांचे कृष्णवर्णीय गायक-नट पॉल रोबसन आणि कॅनडा ली यांच्याशी संबंध नाकारणाऱ्या कागदावर सही करा, असे स्टुडिओकडून सांगण्यात आले. ज्यांच्या खांद्यावर आपण उभे आहोत त्यांना झिडकारायचे नाही म्हणून त्यांनी सही केली नाही. दिग्दर्शक रिचर्ड ब्रुक्स यांनी तिकडे दुर्लक्ष करून काम सुरू ठेवले. या चित्रपटात ते न्यूयॉर्कच्या शाळेतला बंडखोर विद्यार्थी आहेत. बारा वर्षांनी ‘टू सर, विथ लव्ह’मध्ये लंडनच्या ईस्ट एंडमधल्या तशाच वर्गापुढे ते शिक्षक म्हणून उभे राहिले. दोन्ही लागोपाठ पाहिले तर नट म्हणून त्यांनी किती मजल मारली ते कळते: पहिल्यात अंगातला ताण सांडत राहतो, दुसऱ्यात तो सगळा आवाजाच्या खालच्या पट्टीत जाऊन बसलेला असतो.

स्टॅन्ली क्रेमर यांच्या ‘द डिफायंट वन्स’मध्ये (१९५८) एकाच साखळीने जखडलेले दोन कैदी पळतात, एक गोरा आणि एक काळा. सहकलाकार टोनी कर्टिस यांनी आग्रह धरून पॉयटिए यांचे नाव आपल्या बरोबरीने चित्रपटाच्या शीर्षकाच्या वर घालायला लावले. ऑस्करच्या प्रमुख अभिनेत्याच्या गटात कृष्णवर्णीय पुरुषाला पहिले नामांकन याच भूमिकेने मिळाले. बर्लिन महोत्सवाचे रौप्य अस्वलही मिळाले. शेवटी पॉयटिए यांचा कैदी निसटण्याची संधी सोडून गोऱ्या सोबत्यासाठी चालत्या गाडीतून उडी टाकतो. लेखक जेम्स बॉल्डविन यांनी नोंदवले आहे की, गोऱ्या उदारमतवादी प्रेक्षकांनी तिथे टाळ्या वाजवल्या आणि हार्लेमचे प्रेक्षक ओरडले, “मूर्खा, परत गाडीत चढ!” पॉयटिए यांच्यावरच्या पुढच्या सगळ्या वादाचे मूळ त्या एका आरोळीत आहे.

ब्रॉडवेवर १९५९ मध्ये लॉरेन हॅन्सबेरी यांच्या ‘अ रेझिन इन द सन’मध्ये त्यांनी वॉल्टर ली यंगर उभा केला. चिडका, स्वप्ने हरलेला, घरच्यांचे पैसे गमावून बसणारा हा ड्रायव्हर त्यांच्या इतर नायकांसारखा निर्दोष नाही, आणि म्हणूनच ते त्यांचे सर्वोत्तम काम वाटते. १९६१ च्या चित्रपटात ते जतन झाले आहे.

ऑस्कर मिळाला तो मात्र त्यामानाने साध्या भूमिकेला. ‘लिलीज ऑफ द फील्ड’ (१९६३) हा ॲरिझोनात अवघ्या दोन आठवड्यांत चित्रित झालेला छोटा चित्रपट. वाटेने जाणारा कारागीर होमर स्मिथ जर्मन बोलणाऱ्या ख्रिस्ती जोगिणींसाठी चॅपेल, म्हणजे छोटे प्रार्थनागृह, बांधून देतो, एवढीच गोष्ट. पैसा इतका तुटपुंजा होता की दिग्दर्शक राल्फ नेल्सन यांनी स्वतःचे घर तारण ठेवले आणि पॉयटिए यांनी नेहमीचे मानधन सोडून नफ्यातला वाटा घेतला. १३ एप्रिल १९६४ रोजी ऑस्कर सोहळ्यात अभिनेत्री ॲन बॅनक्रॉफ्ट यांनी त्यांच्या नावाचा पुकारा केला. त्याच उन्हाळ्यात, नागरी हक्क कायदा झाल्यानंतर, बेलाफॉन्टे आणि पॉयटिए मतदार नोंदणी करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी ७०,००० डॉलर रोख घेऊन मिसिसिपीतल्या ग्रीनवूडला गेले. तीन कार्यकर्त्यांची त्या राज्यात नुकतीच हत्या झाली होती. विमानतळावरून निघताना क्लॅनच्या ट्रकने त्यांच्या मोटारीला मागून धडका दिल्या. हातात ऑस्कर असलेल्या माणसाचा जीवही त्या रस्त्यावर तेवढाच स्वस्त होता.

या पार्श्वभूमीवर ‘इन द हीट ऑफ द नाइट’ (१९६७) पाहावा. दक्षिणेत चित्रीकरण करायला पॉयटिए तयार नव्हते, म्हणून मिसिसिपीतले गाव इलिनॉयमधल्या स्पार्टात उभारले गेले. कापसाच्या मळ्यासाठी थोडे दिवस टेनेसीत जावे लागले तेव्हा ते उशाखाली पिस्तूल ठेवून झोपत. त्यांचा नायक व्हर्जिल टिब्स हा फिलाडेल्फियाचा पोलीस अधिकारी. दक्षिणेत गोऱ्या माणसाला अहोजाहो आणि काळ्याला, तो कितीही मोठा असो, अरेतुरे किंवा ‘बॉय’ अशी रीत होती. गावचा पोलीसप्रमुख कुत्सितपणे विचारतो की तिकडे तुला काय म्हणतात, आणि उत्तर येते, “मला मिस्टर टिब्स म्हणतात.” पुढे एक गोरा मळेवाला त्याच्या थोबाडीत मारतो आणि टिब्स क्षणही न दवडता ती परत करतो. ही परतीची थप्पड कोणत्याही प्रतीतून कापायची नाही, अशी अट आपण घातली होती, असे पॉयटिए सांगत. पडद्यावर असे आधी दिसले नव्हते. थिएटरांत लोक श्वास रोखून बसत किंवा आरोळ्या ठोकत.

त्याच वर्षी ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ आला. गोऱ्या मुलीशी लग्न करू पाहणारा काळा डॉक्टर हा विषय. वेगवेगळ्या वंशांतील विवाहांवर बंदी घालणारे कायदे १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले तेव्हा ते १६ राज्यांत लागू होते. चित्रपट तोवर चित्रित झाला होता. मुलीच्या बापाचे काम करणारे स्पेन्सर ट्रेसी या निकालाच्या दोनच दिवस आधी वारले. १९६८ च्या चित्रपटगृह-चालकांच्या पाहणीत पॉयटिए हे तिकीटबारीवरचे पहिल्या क्रमांकाचे तारे ठरले. तरीही, ज्या वर्षी टिब्सच्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि सहनायक रॉड स्टायगर यांना अभिनेत्याचा ऑस्कर मिळाला, त्या वर्षी पॉयटिए यांना साधे नामांकनही नव्हते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येमुळे तो सोहळा दोन दिवस पुढे ढकलावा लागला. अंत्यसंस्काराआधी सोहळा केला तर येणार नाही, असे सांगणाऱ्यांत पॉयटिएही होते.

यशाच्या शिखरावरच टीकेचा मारा सुरू झाला. नाटककार क्लिफर्ड मेसन यांनी १९६७ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिले की, पॉयटिए यांचा नायक म्हणजे गोऱ्यांच्या जगात गोऱ्यांचे प्रश्न सोडवणारा, स्वतःचे घरदार नसलेला, शरीराची ओढही नसलेला सज्जन. आरोप अगदी खोटा नव्हता. ‘अ पॅच ऑफ ब्लू’मधले (१९६५) चुंबन दक्षिणेतल्या प्रतींतून कापले गेले होते, प्रेम करणारा काळा नायक बाजाराला चालत नव्हता. पण पटकथा लिहिणारे, पैसा घालणारे, कापणारे सगळे दुसरे असताना हिशेब मात्र एकट्या नटाकडे मागितला गेला, हे अन्यायाचे होते. पॉयटिए यांना हा घाव लागला. ते काही काळ बहामात जाऊन राहिले.

परतले ते मुख्यतः दिग्दर्शक म्हणून. १९६९ मध्ये पॉल न्यूमन आणि बार्ब्रा स्ट्रायसँड यांच्यासह त्यांनी ‘फर्स्ट आर्टिस्ट्स’ ही निर्मितिसंस्था काढली. ‘बक अँड द प्रीचर’ (१९७२) हा त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट घोड्यांचा, बंदुकांचा होता. थिएटरच्या मागे गुरांची वाट पाहणारा मुलगा अखेर स्वतः घोड्यावर बसला, सोबतीला बेलाफॉन्टे. नंतर बिल कॉस्बी यांच्याबरोबर तीन विनोदी चित्रपट आले, आणि जीन वाइल्डर व रिचर्ड प्रायर यांच्या ‘स्टर क्रेझी’ने (१९८०) अमेरिकेत १० कोटी डॉलरांचा टप्पा ओलांडला, कृष्णवर्णीय दिग्दर्शकाच्या चित्रपटाने एवढा गल्ला आधी जमवला नव्हता. अभिनयात १९८८ नंतर थोडी कामे केली. १९९१ च्या एका दूरचित्रवाणी मालिकेत त्यांनी शाळांतल्या वंशविभाजनाविरुद्ध लढणारे वकील थरगूड मार्शल साकारले.

दोन विवाहांतून त्यांना सहा मुली झाल्या. १९७४ मध्ये नाइट किताब मिळाला, पण ‘सर’ ही उपाधी त्यांनी फारशी वापरली नाही. १९९७ ते २००७ या काळात ते बहामाचे जपानमधील राजदूत होते आणि काही वर्षे युनेस्कोतही देशाचे प्रतिनिधी होते. २००९ मध्ये अमेरिकेचे प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळाले. २००२ च्या ऑस्कर सोहळ्यात त्यांना मानद पुरस्कार देण्यात आला आणि त्याच रात्री डेंझेल वॉशिंग्टन प्रमुख अभिनेत्याचा ऑस्कर मिळवणारे दुसरे कृष्णवर्णीय नट ठरले. मधे ३८ वर्षे गेली होती. वॉशिंग्टन यांनी आपली ऑस्करची बाहुली सज्जात बसलेल्या पॉयटिए यांच्या दिशेने उंचावली. पॉयटिए यांनी उभे राहून आपली उंचावली. लॉस एंजेलिस येथे ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. नॅसॉ आणि पॅरडाइज आयलंड यांना जोडणाऱ्या पुलाला २०१२ पासून त्यांचे नाव आहे.