मॉम्स फॉर हाउसिंग

मॉम्स फॉर हाउसिंग ही अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात बेघर कृष्णवर्णीय आयांनी उभी केलेली चळवळ. १८ नोव्हेंबर २०१९ ला डॉमिनिक वॉकर आणि तिच्यासारख्याच आणखी एका आईने वेस्ट ओकलंडच्या मॅग्नोलिया स्ट्रीटवरच्या एका रिकाम्या घराचा ताबा घेतला. हे घर वेजवूड या कंपनीने लिलावात घेतलं होतं, आणि या कंपनीचा धंदाच कर्ज थकल्याने जप्त झालेली घरं घ्यायची, डागडुजी करायची आणि चढ्या भावाने विकायची असा.

वेस्ट ओकलंड ही जुनी ब्लॅक वस्ती. १९३० च्या दशकात नकाशावर अशा वस्त्या लाल रंगवून तिथे गृहकर्ज द्यायचं नाही असं ठरलं (यालाच रेडलायनिंग म्हणतात), मग वस्तीच्या मधून फ्रीवे (मोठा महामार्ग) काढला, आणि २००८ च्या मंदीत ज्यांनी कसंबसं घर केलं होतं त्यांचीही घरं जप्त झाली आणि ती गुंतवणूकदारांनी उचलली. शहरात ब्लॅक लोक १९८० ला ४७ टक्के होते, २०१० ला २८. आणि २०१९ च्या मोजणीत सुमारे ४,००० बेघरांपैकी ७० टक्के ब्लॅक, म्हणजे लोक गेले कुठे याचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

ताब्याचं प्रकरण कोर्टात गेलं, तिथे आयांचं म्हणणं होतं की घर हा मानवी हक्क आहे, पण निकाल विरोधात गेला. १३ जानेवारी २०२० च्या रात्री पोलीस येणार असं कळल्यावर शेजारपाजारचे शेकडो लोक दारात येऊन उभे राहिले, तेव्हा कारवाई झाली नाही, पण दुसऱ्या दिवशी पहाटे शेरीफची (तिथला जिल्हा पोलीसप्रमुख) माणसं चिलखती गाडी घेऊन आली, दार तोडलं, चौघांना अटक केली. कुणाच्या विरोधात एवढी फौज, तर लेकरांना छप्पर हवं म्हणणाऱ्या आयांच्या! टीव्हीवर हे बघून लोक खवळले आणि आठवडाभरातच कंपनी घर ओकलंड कम्युनिटी लँड ट्रस्ट या ना-नफा संस्थेला विकायला तयार झाली, शहरातली आपली बाकीची घरं विकतानाही आधी अशा संस्थांना विचारू असं कबूल केलं.

लँड ट्रस्टमध्ये जमीन ट्रस्टच्या नावावर राहते, त्यामुळे बाजारभाव कितीही चढला तरी घर परत सट्ट्यात जात नाही, खरी मेख हीच. त्याच वर्षी राज्याने एसबी १०७९ कायदा केला. जप्तीतल्या घरांचे गठ्ठे करून लिलाव करायला बंदी आली, आणि लिलावानंतर भाडेकरू किंवा ना-नफा संस्थांना बोली लावायला ४५ दिवस मिळू लागले.