सह्याद्रीचा कडा आधी कुठे होता? कोकणच्या फॉल्टची पार्श्वभूमी

कोकणचा विषय निघाला की परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला ही गोष्ट येतेच, आणि तिच्या पाठोपाठ शाळेत पाठ केलेलं वाक्य येतं की प्रस्तरभंग झाला (इंग्रजीत फॉल्ट, म्हणजे खडक भेगेवर तुटून सरकणं), पश्चिमेची जमीन खचली आणि जी कड उभी राहिली तो सह्याद्री. हे दुसरं वाक्य अर्धं बरोबर आहे. फॉल्ट आहे, पण घाटमाथ्यावर उभं राहून खाली दिसणाऱ्या सरळसोट कड्याला आपण फॉल्ट समजतो ना, तो फॉल्ट नाहीये. मुख्य फॉल्ट आज समुद्राखाली आहे, कडा तिथून झिजत झिजत मागे आलाय. म्हणजे गोष्टीत समुद्र मागे सरला, दगड मात्र सांगतात की डोंगर मागे सरला.

हे समजायला बरंच मागे जावं लागतं. सिंधुदुर्ग, गोवा, कर्नाटक या बाजूला जे अतिशय जुने धारवाडी खडक उघडे दिसतात ते अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचे किंवा त्याहून जुने, आणि लाकडाला जशी रेष असते तशी त्यांना एक रेष आहे, उत्तर-वायव्येकडून दक्षिण-आग्नेयेकडे. लाकूड रेषेवरच फाटतं. पुढे भारत तुटला तो साधारण याच रेषेने, म्हणूनच आपला किनारा मॅपवर इतका सरळ दिसतो. आधी मादागास्कर वेगळं झालं, सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी. त्या काळाची खूण कर्नाटकात मालप्यासमोरच्या सेंट मेरी बेटांवर बघायला मिळते, लाव्हा थंड होताना पडलेले बहुकोनी खांब समुद्रातून वर आलेत. मग ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास दख्खनचा लाव्हा आला, थरावर थर, आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला. आणि हे सगळं संपत आलं तेव्हा आजच्या सेशेल्स बेटांचा तुकडा सुटला, आपली पश्चिम कड पुन्हा ताणली गेली. कोकणचा आजचा आकार मुख्यतः या शेवटच्या ताणाने ठरवला.

आता पुरावा. माथेरानला जाऊन एखाद्या पॉइंटवरून समोरचे डोंगर बघा, प्रबळगड वगैरे, लाव्हाचे थर वहीच्या पानांसारखे आडवे, जवळजवळ सपाट, आणि पूर्वेला मुख्य घाटातही तेच. मग लोकलने ठाण्याकडे या आणि मुंब्र्याला खिडकीतून पारसिकच्या डोंगराकडे नीट बघा, तिथे थर आडवे नाहीत, समुद्राकडे कललेत. घारापुरीला आणि मुंबईतही तेच, साधारण १०-१५ अंश, काही पट्ट्यात जास्तच. माथेरान ते मुंब्रा हवाई अंतर किती, तीस-पस्तीस किलोमीटर, तेवढ्यात एवढा फरक. मला हे पहिल्यांदा कुणी दाखवलं तेव्हा रोज बघितलेला डोंगर वेगळाच दिसायला लागला.

या कललेल्या पट्ट्याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात, फ्लेक्शर म्हणजे बाक. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या जे. बी. ऑडेन यांनी १९४९ साली पश्चिम भारतातल्या डाइकवर लिहिताना त्याचं वर्णन केलं. डाइक म्हणजे भेगेत शिरून थिजलेल्या लाव्हाच्या भिंती, मुरुड-कोर्लईकडे किनाऱ्यावर बऱ्याच दिसतात. जुनी समजूत अशी की काठ नुसता वाकला, गादीची कड खाली लोंबते तसा. १९९० च्या दशकात भूवैज्ञानिक हेतू शेठ आणि इतर काही अभ्यासकांनी मांडलं की नुसतं वाकणं नाही हे, जमीन ताणून फुटली, तुकडे फॉल्टवरून घसरताना कलंडले आणि म्हणून थर तिरके झाले. मला हेच जास्त पटतं कारण बेसॉल्टसारखा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा, कडक दगड एवढ्या अंतरात नुसता वाकेल आणि तुटणार नाही हे अवघड वाटतं, वाद मात्र पूर्ण मिटलेला नाही.

आणि खचलेला भाग गेला कुठे? १९७४ मध्ये मुंबईपासून १६० किलोमीटरवर बॉम्बे हायला तेल लागलं, तेलासाठी समुद्रात जी ड्रिलिंग झाली त्यात जाड गाळाच्या खाली आपल्याच घाटातला काळा बेसॉल्ट लागला. महाबळेश्वरला तोच दगड १,३०० मीटरच्या वर आहे. खालीवर किती झालंय याचा अंदाज यावरूनच येतो.

एकदा काठ तुटला की पावसाचं काम सुरू. समुद्राकडच्या नद्या आखूड आणि उताराच्या, त्या कड्याला कुरतडत मागे मागे ढकलत राहतात, आणि कोट्यवधी वर्षांत तो साधारण पन्नास किलोमीटर आत आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. माथेरान, प्रबळ हे त्या मागे सरकणाऱ्या पठाराचे मागे राहिलेले तुकडे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, अरबी समुद्र तिथून जेमतेम ६५ किलोमीटर, तरी ती १,४०० किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला जाते, कारण पश्चिमेची कड उचललेली आणि उतार सगळा पूर्वेला.

कोयनेचं मात्र यात मिसळू नये. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा ६.३ च्या आसपासचा भूकंप किनाऱ्याच्या फॉल्टचा नव्हता. बेसॉल्टच्या खालच्या ग्रॅनाइटमधल्या जुन्या फॉल्टवर तो झाला आणि धरणाच्या पाण्याने त्याला चालना दिली असं आज मानलं जातं. त्याचाच अभ्यास करायला गोठणे इथे तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं, ते २०१७ मध्ये पूर्ण झालं.

फॉल्टचा आणि भेगांचा हात लावून बघता येईल असा पुरावा हवा असेल तर उन्हाळी बघा, म्हणजे गरम पाण्याचे झरे. वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, खेड-दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातली आरवली, तुरळ, राजवाडी, मग राजापूर. सगळे जवळजवळ एका ओळीत, तीनशेहून जास्त किलोमीटर, आणि उन्हेरे, उन्हवरे अशी काही गावांची नावंसुद्धा ऊन पाण्यावरूनच पडलेली. इथे जिवंत ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथे तापतं, दुसऱ्या भेगेने वर येतं. तुरळचं कुंड हायवेला लागूनच आहे, थंडीत सकाळी गेलं तर वाफ दिसते आणि गंधकाचा वास येतो. पाण्यात हात घातला की पटकन बाहेरच काढावा लागतो.