टाके कोरडे, मग ताप कशाचा?

अपेंडिक्स फुटलं होतं, ऑपरेशन झालं, पेशंट चौथ्या दिवशी पेज प्यायला लागला, घरी सोडायचं बोलणं चालू झालं आणि सहाव्या दिवशी पुन्हा थंडी वाजून ताप. टाके बघावेत तर कोरडे. म्हणजे पू झालाच असेल तर आत, आणि पोटात पू दडायला जागा भरपूर. डायफ्रामच्या (छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या) खाली साठला तर कधी नुसती उचकी लागते, नाहीतर खांदा दुखतो, ओटीपोटात खाली उतरला तर सारखं जुलाबासारखं होतं, पोट दुखेलच असं नाही.

सोनोग्राफी सोपी, बेडजवळ पण होते, पण आतड्यातल्या गॅसच्या पलीकडचं तिला दिसत नाही, वर पोटावर ड्रेसिंग. म्हणून शेवटी सीटी, तेही शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे सीटीवर पांढरं उजळणारं औषध देऊन (आधी क्रिएटिनिन तपासतात ते यासाठीच, किडनीला झेपेल का बघायला).

नातेवाईक म्हणतात मग दुसऱ्याच दिवशी का नाही केला सीटी? तर पोट उघडल्यावर थोडं पाणी, थोडी हवा आत राहतेच. सीटीवर कुठली गोष्ट किती काळी-पांढरी दिसते ते आकड्यात मोजणाऱ्या हाउन्सफील्ड साहेबांच्या मोजपट्टीवर पाणी 0 आणि हवा उणे 1000, पण पू आणि साधं साठलेलं पाणी यांचे आकडे इतके जवळ की नुसत्या करड्या रंगावरून कोणी छातीठोक सांगू शकत नाही. शरीर पुवाभोवती भिंत बांधतं, त्याला साधारण आठवडा लागतो, मग कॉन्ट्रास्टमुळे ती भिंत कडेनं पांढरी उजळते, आत हवेचे बुडबुडे दिसले की संशय पक्का. अर्थात बीपी पडतंय, पोट दगडासारखं झालंय, तर दिवस मोजत कोणी बसत नाही. आणि आतडं जोडलेलं असेल तर तोंडावाटे किंवा खालून दिलेलं कॉन्ट्रास्ट जोडाच्या बाहेर सांडलेलं दिसतं, म्हणजे लीक.

मला यातली भारी गोष्ट वाटते ती पुढची, त्याच सीटीवर किंवा सोनोग्राफीवर बघत बघत सुई आत घालतात, पू ओढून लॅबला पाठवतात आणि डुकराच्या शेपटीसारखी वळलेली बारीक नळी तिथेच ठेवतात. गळू मोठं असेल आणि सुईला वाट मिळत असेल तर बऱ्याचदा परत पोट उघडावं लागत नाही. छोटं असेल तर नुसत्या अँटिबायोटिकवर पण जातं. नळी बसली की पिशवीत रोज किती आलं ते घरच्यांनी लिहून ठेवावं, राऊंडला डॉक्टर पहिलं तेच विचारतात.