घरगुती सीएनसी राउटर टेबल

संगणकाने दिलेल्या आकड्यांबरहुकूम लाकूड, प्लायवूड, एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला तक्ता) किंवा अ‍ॅक्रिलिक कापणारे व कोरणारे, सुटे भाग जोडून घरी उभारलेले यंत्र. माल टेबलावर घट्ट बसवतात. त्यावरून आडवी गँट्री (दोन पायांवरची कमान) पुढेमागे जाते, गँट्रीवरची कॅरेज (सरकता भाग) डावीउजवीकडे सरकते आणि कॅरेजवर लावलेला, सुतार वापरतात तोच ट्रिम राउटर (पाते वेगाने फिरवणारे हत्यार) वरखाली होतो.

आकड्यांवर चालणारे मिलिंग यंत्र जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेतून सुरू झालेल्या कामातून अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठाने १९५२ मध्ये दाखवले. पुढे कित्येक वर्षे हे तंत्र कारखान्यांपुरतेच राहिले. २००५ मध्ये इटलीत आर्डुइनो हा स्वस्त इलेक्ट्रॉनिक बोर्ड आला आणि २००९ मध्ये त्यावर चालणारी ‘ग्रबल’ ही मोफत प्रणाली आली. ती जी-कोड, म्हणजे कुठे कसे सरकायचे ते सांगणाऱ्या आज्ञा, वाचून मोटारींना विजेचे स्पंद पाठवते. महागडा कंट्रोलर त्यामुळे घरगुती यंत्राच्या खर्चातून जवळजवळ वगळलाच गेला. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब, म्हणजे अशी यंत्रे लोकांना वापरू देणारी कार्यशाळा, सुरू झाली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबांपैकी ती एक.

नवखे लोक मोटारी आणि बोर्ड आधी विकत घेतात. पैसा खरा घालायला हवा तो सांगाड्यात. पाते लाकडात शिरले की उलटा जोर गँट्रीवर येतो, आणि तेवढ्याच जोराने दुप्पट लांबीची गँट्री आठपट वाकते. उलट, तेवढ्याच रुंदीच्या भरीव पट्टीची वाकण्याच्या दिशेतली जाडी दुप्पट केली तर वाक आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून पहिले यंत्र दोन बाय दोन फुटांचेच करावे. गँट्रीचे पायही गरजेपुरतेच उंच हवेत. पाय जितके उंच तितकी ती जास्त झुलते.

एमडीएफचा सांगाडा सर्वांत स्वस्त, पण पावसाळ्याच्या दमट हवेत तो फुगतो. लोखंडी चौकोनी नळी जास्त टिकते. मात्र वेल्डिंगच्या उष्णतेने ती खेचली जाते, म्हणून शक्य तिथे नट-बोल्टचाच जोड बरा. ड्रॉवरच्या चॅनेलवर चालणारी यंत्रेही लोक करतात. त्यांत बाजूचा प्ले (ढिलेपणा) राहतो. सरकण्यासाठी लावलेला, फक्त टोकांना धरलेला गोल शाफ्ट मध्यभागी वाकतो. खाली सलग आधार असलेला एसबीआर १६ शाफ्ट किमतीच्या मानाने सर्वांत भरवशाचा.

कॅरेज सरकवायला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एम८ (८ मिमी जाड) आट्यांचा रॉड मोहात पाडतो. त्याच्या एका फेऱ्यात कॅरेज फक्त १.२५ मिमी सरकते. मोटार मिनिटाला ६०० फेरे फिरली तरी वेग ७५० मिमी. आता राउटर मिनिटाला १८,००० फेऱ्यांवर, पाते दोन धारांचे आणि प्रत्येक धारेने ०.०५ मिमी लाकूड काढायचे धरले, तर १८,००० × २ × ०.०५ म्हणजे मिनिटाला १,८०० मिमी वेग लागतो. एवढा वेग नसेल तर पाते लाकूड कापण्याऐवजी घासते, धार तापते आणि कडा करपतात. एका फेऱ्यात ८ मिमी सरकवणारा टी८ स्क्रू त्याच फेऱ्यांवर ४,८०० मिमी देतो. ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या स्टेपर मोटारीच्या एका फेऱ्यात सहसा २०० पावले असतात. एका पावलाचे आठ भाग करणाऱ्या सूक्ष्म पावलांच्या सेटिंगवर त्या स्क्रूला प्रत्येक मिमीला २०० स्पंद पडतात आणि ग्रबलमध्ये हाच आकडा भरायचा असतो. नटातला प्ले घालवण्यासाठी स्प्रिंगचा अँटी-बॅकलॅश नट लावावा.

मोटार अडली आणि पावले हुकली तर साध्या कंट्रोलरला ते कळत नाही. पुढचे सगळे काम तेवढेच सरकून होते. यंत्र चालू असताना स्टेपर मोटारीची वायर कधीही काढू नये, तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर जळू शकतो.

जोडणीत सर्वांत जास्त वेळ गुण्यात (काटकोनात) आणण्याला द्यावा. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून सारखे करावेत. मग टेबलावर एमडीएफचा बदलता येईल असा तक्ता टाकून तो यंत्रानेच सपाट करून घ्यावा, म्हणजे कोरीवकामाची खोली सगळीकडे सारखी येते.

लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरलेली आहे आणि एमडीएफच्या धुळीत फॉर्मल्डिहाइडयुक्त रेझिनही असते. व्हॅक्यूम, मास्क, गॉगल आणि हाताशी येईल असे आणीबाणीचे बटण यांचा खर्च पहिल्या हिशेबातच धरावा.