तीन टीबीची डिस्क ७४६ जीबी का दाखवते?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानातल्या जुन्या काँप्युटरला, हिशेबाचा बॅकअप ठेवायला, नवीकोरी तीन टीबीची हार्ड डिस्क जोडली. स्क्रीनवर आकडा आला ७४६ जीबी. डुप्लिकेट माल गळ्यात मारला, असं कुणालाही वाटेल. पण डिस्क अस्सल होती.

ऑपरेटिंग सिस्टिम डिस्क मोजत नाही, डिस्कलाच विचारते. विचारायचं काम ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅमचं. डिस्क ५१२ बाइटच्या सेक्टरांत विभागलेली असते आणि ड्रायव्हर सेक्टरांची संख्या टिपून घेतो. जुन्या ड्रायव्हरमध्ये या संख्येला ३२ बिटांचीच (शून्य किंवा एक मावेल अशा ३२ घरांचीच) जागा. त्यात सुमारे ४२९ कोटी सेक्टर, म्हणजे २.२ टीबी मावतात. त्यापुढे विजेच्या मीटरसारखं होतं: सगळे नऊ झाले की पुन्हा शून्यापासून सुरुवात. तीन टीबीतून २.२ टीबी असे गळाले की उरतात सुमारे ८०१ अब्ज बाइट. विंडोज जीबी १०२४च्या पटीत मोजतं, म्हणून तेच ७४६ दिसतात. (एक टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते तीही याच मोजणीमुळे. तिथे बिघाड काहीच नसतो.)

याच्या आधीची गोष्ट जास्त मजेशीर आहे. तेव्हा सेक्टरचा पत्ता तीन आकड्यांत सांगत: सिलिंडर (चकतीवरचं कितवं वर्तुळ), हेड (चकतीची कितवी बाजू; प्रत्येक बाजूला वाचणारं एक हेड) आणि त्या वर्तुळातला कितवा सेक्टर. हीच डिस्कची भूमिती. बायोस, म्हणजे काँप्युटर सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, १०२४ सिलिंडर आणि ६३ सेक्टरांच्या पुढे जात नसे, आयडीई (तेव्हाची डिस्क जोडायची पद्धत) डिस्क १६ हेडांच्या पुढे. दोन्हीकडच्या लहान मर्यादा धरल्या की गुणाकार ५२८ एमबीवर अडकला. मग बायोसने सिलिंडर कमी आणि हेड जास्त दाखवायला सुरुवात केली. २५५ हेड धरून मर्यादा ८.४ जीबीवर गेली. डिस्कच्या आत मात्र चकत्या दोन-तीनच! शिवाय चकतीच्या बाहेरच्या मोठ्या वर्तुळांत सेक्टर जास्त मावतात, आतल्या वर्तुळांत कमी, त्यामुळे सगळीकडे ६३ हा आकडाही कागदावरचाच. पुढे तर ८.४ जीबीहून मोठी प्रत्येक आयडीई डिस्क १६३८३ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर हेच ठरलेलं उत्तर देऊ लागली. हे उत्तर खरं धरणाऱ्या ड्रायव्हरला कितीही मोठी डिस्क ८.४ जीबीचीच दिसणार.

सेक्टरांना सरळ एकापुढे एक क्रमांक देण्याची पद्धत आली तेव्हा पत्त्याला २८ बिट मिळाले आणि मर्यादा १३७ जीबीवर गेली. पुढे ४८ बिट आले, पण २००१ च्या मूळ विंडोज एक्सपीत त्यांची सोय चालू नव्हती. ती २००२ च्या सर्व्हिस पॅक १ या अपडेटमध्ये आली. सगळ्यात जास्त नुकसान अशाच ठिकाणी होतं. मर्यादेपलीकडे लिहायला गेलेला ड्रायव्हर वरचे बिट गाळतो आणि नवी फाइल थेट डिस्कच्या सुरुवातीला, जुन्या माहितीवर जाऊन पडते.

आजही पोर्टेबल डिस्कच्या डबीत हा घोळ होतो. यूएसबीने डिस्कला विचारलं की शेवटच्या सेक्टरचा क्रमांक यायला हवा. क्रमांक शून्यापासून सुरू होत असल्याने ड्रायव्हर त्यात एक मिळवतो. काही डब्या चुकून एकूण संख्याच सांगतात आणि एक सेक्टर जास्त दिसतो. लिनक्समध्ये अशा डब्यांसाठी वेगळी दुरुस्ती लिहून ठेवलेली आहे. काही डब्या ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवतात. अशा डबीतली डिस्क काढून काँप्युटरला थेट जोडली की पार्टिशनचे (डिस्कवर पाडलेल्या भागांचे) पत्ते जुळत नाहीत आणि विंडोज विचारतं, फॉरमॅट करायची का? तेव्हा कॅन्सल करा आणि डिस्क पुन्हा त्याच डबीत घाला. डिस्क धडधाकट असेल तर फायली तिथे जशाच्या तशा दिसतात.